वाचकांचे प्रश्न : आपण गाडी वाईट चालवतो, हे कसे ओळखावे?

प्रश्न : मी घोडबंदर रस्त्यावर कासारवडवलीला राहतो आणि नोकरीनिमित्त बावीस वर्षे रोज गाडी चालवतो आहे. एवढ्या काळात माझ्या हातून एकही अपघात झालेला नाही आणि विम्यावर मला 50 टक्के नो क्लेम बोनस मिळतो. तरीही पत्नी हल्ली माझ्याबरोबर लांब यायचे टाळते आणि कॉलेजात जाणारी मुलगी सरळ ‘बाबा, मी रिक्षाने जाते’ म्हणते. मी खरोखरच वाईट चालक आहे का, आणि असेन तर ते माझे मला कसे कळावे?

— एक वाचक, ठाणे (पश्चिम)

उत्तर : आपले आपल्याला ते सहसा कळत नाही. ओला स्वेन्सन या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने अमेरिका आणि स्वीडनमधल्या विद्यार्थ्यांना, आपल्याच गटातल्या इतर चालकांच्या तुलनेत आपले कौशल्य कितपत आहे, असे विचारले होते. 1981 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत अमेरिकेतल्या 93 टक्के आणि स्वीडनमधल्या 69 टक्के जणांनी स्वतःला वरच्या निम्म्यात बसवले होते. वरच्या निम्म्यात निम्मेच मावतात, तेव्हा कितीतरी जणांचा अंदाज चुकला होता हे उघड आहे. त्याआधी, 1965 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, अपघात होऊन रुग्णालयात दाखल झालेल्या 50 चालकांना त्यांच्या कौशल्याबद्दल विचारण्यात आले होते. पोलिसांच्या नोंदींप्रमाणे त्यांपैकी बहुतेकांच्या अपघाताला ते स्वतःच जबाबदार होते, आणि तरीही त्यांनी स्वतःविषयी दिलेले मत अपघात न झालेल्या चालकांच्या मताइतकेच चांगले होते. रुग्णालयाच्या खाटेवरूनही जे मत बदलत नाही, ते पत्नीच्या नाराजीने चटकन बदलावे अशी अपेक्षा मी आपल्याकडूनही करत नाही.

याचे एक कारण असे की, चांगला चालक कोणाला म्हणावे हे प्रत्येक जण आपल्या सोयीने ठरवतो. दोन ट्रेलरच्या फटीतून गाडी काढणारा त्या सफाईला कौशल्य म्हणतो, आणि ज्याला ते जमत नाही तो संथपणालाच कौशल्य म्हणतो. दोघेही आपापल्या परीक्षेत उत्तीर्ण होतात. दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. रस्त्यावरच्या चुकीचा परिणाम चूक करणाऱ्यापर्यंत फार क्वचित पोहोचतो. समजा, कापूरबावडीला आपण इंडिकेटर न देता डावीकडची लेन घेतली आणि मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराने जोरात ब्रेक दाबून स्वतःला सावरले. आपल्या लेखी तिथे काहीच घडले नाही, त्याच्या लेखी मात्र अपघात थोडक्यात टळला. आणि आपण मानपाड्याच्या उड्डाणपुलावर चढलेले असताना तो अजून शिव्या देत असतो. घोरणाऱ्याला आपले घोरणे ऐकू येत नाही, त्यातलाच हा प्रकार आहे. म्हणून बावीस वर्षांच्या हिशेबात किती अपघात आपण टाळले आणि किती आपल्याभोवतीच्या लोकांनी टाळले, हे केवळ ‘एकही अपघात नाही’ या आकड्यावरून सांगता येणार नाही.

नो क्लेम बोनसबद्दलही थोडे स्पष्ट बोलतो. लागोपाठ पाच वर्षे विम्याचा दावा केला नाही की तो 50 टक्क्यांवर पोहोचतो. बोनस जाऊ नये म्हणून बंपरचा पोचा आणि दारावरचा ओरखडा स्वतःच्या खिशातून दुरुस्त करून घेणारे असंख्य लोक आहेत, आणि त्यात गैर काही नाही. मात्र बोनसमुळे सिद्ध होते ते एवढेच की, आपण दावा केलेला नाही. त्यापेक्षा गाडीच्या चारही कोपऱ्यांवरचा रंग पाहावा, गॅरेजची जुनी बिले चाळावीत आणि वाहतूक पोलिसांच्या ई-चलनाच्या संकेतस्थळावर गाडीचा क्रमांक घालून पाहावा. चलने सिग्नल तोडल्याची किंवा हातात मोबाइल धरल्याची असतील, तर ‘कॅमेऱ्याने उगाच पकडले’ असे म्हणण्यात अर्थ नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम 184 मध्ये लाल सिग्नल तोडणे, हातात मोबाइल धरून गाडी चालवणे आणि उलट दिशेने गाडी नेणे यांचा समावेश धोकादायक वाहनचालनात केलेला आहे. पहिल्या गुन्ह्यासाठी सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा एक ते पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे.

आता घरच्यांकडे वळू, कारण आपल्या बाबतीतला सर्वांत भरवशाचा पुरावा तिथेच आहे. शेजारच्या आसनावर बसलेल्या माणसासमोर स्टिअरिंग नसते, त्यामुळे त्याला रस्ता दिसतो तो कौशल्याच्या अभिमानाशिवाय. त्याचा उजवा पाय नसलेला ब्रेक दाबू लागतो, हात दाराच्या वरच्या कडीकडे जातो, बोलणे मध्येच थांबते. हे सारे आपोआप घडते, त्यात आपल्याला दुखावण्याचा हेतू नसतो. मात्र ‘मी गाडी कशी चालवतो?’ असे विचारू नये. त्यावर ‘ठीक चालवता’ एवढेच उत्तर मिळेल, कारण संसार सर्वांनाच टिकवायचा असतो. ‘कासारवडवलीहून स्टेशनपर्यंत जाताना तुला नेमकी कुठे भीती वाटते?’ असे विचारावे. उत्तरात जागा येतील: गायमुखकडून उतरणाऱ्या कंटेनरच्या अगदी बाजूने जाताना, माजिवड्याला शेवटच्या क्षणी लेन बदलताना, तीन हात नाक्याचा सिग्नल पिवळा झाल्यावर वेग वाढतो तेव्हा. त्या जागा कागदावर लिहून घ्याव्यात आणि तेवढ्या वेळात एकाही जागेचे स्पष्टीकरण देऊ नये. पत्नीने आणि मुलीने वेगवेगळे सांगूनही त्याच दोन-तीन जागा आल्या, तर आपल्या प्रश्नाचे उत्तर आपल्याला मिळाले असे समजावे.

एक परीक्षा आपली आपल्याला घेता येईल. प्रवासाहून आल्यावर आपण किती वेळा ‘अचानक मध्ये आला’ असे म्हणतो, इकडे लक्ष द्यावे. घोडबंदर रस्त्यावर उलट दिशेने येणारा दुचाकीस्वार, बसथांब्यापासून एकदम सुटणारी रिक्षा, मेट्रोच्या कामाच्या पत्र्यांआडून रस्ता ओलांडणारा मजूर, हे सारे रोजचे आहे. आणि जे रोज घडते त्याला अचानक म्हणता येत नाही. ज्याला प्रत्येक फेरीत कोणीतरी ‘अचानक’ भेटते, त्याची नजर बहुधा समोरच्या गाडीच्या मागच्या काचेवर खिळलेली असते आणि त्यापुढचे दोनशे मीटर तो पाहतच नसतो. हे तपासण्याची जुनी रीत म्हणजे बोलत गाडी चालवणे. ब्रिटनमधल्या पोलीस चालकांच्या प्रशिक्षणातही ती वापरली जाते. माजिवड्यापासून वाघबीळपर्यंत जे दिसते ते आणि त्यामुळे पुढे काय होऊ शकते ते मोठ्याने म्हणत जावे: डावीकडे रिक्षा थांबली आहे, दार उघडेल, ट्रेलरच्या आरशात चालकाचा चेहरा दिसत नाही, म्हणजे मीही त्याला दिसत नाही, पुढे तिसऱ्या गाडीचा ब्रेकचा दिवा लागला. सुरुवातीला हे वेडेपणाचे वाटेल, म्हणून एकट्यानेच करावे. जिथे आपल्याला बोलायला काही सुचत नाही, तिथे बहुधा आपण पाहतही नसतो.

मग पुढच्या गाडीपासूनचे अंतर. ताशी 60 किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला सुमारे 17 मीटर जाते, म्हणजे धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंतच तीन-चार गाड्यांच्या लांबीएवढे अंतर संपलेले असते. म्हणून पुढची गाडी एखादा खांब ओलांडेल तेव्हा मोजायला सुरुवात करावी आणि दोन सेकंद पूर्ण होण्याआधी आपण त्या खांबाशी पोहोचू नये; पावसात हे अंतर दुप्पट ठेवावे. यावर ठाण्यातला प्रत्येक चालक एकच हरकत घेतो: एवढी जागा सोडली तर दुसरा घुसतो. घुसतो, हे खरेच आहे. पण घुसलेल्या प्रत्येक गाडीमागे आपण फार तर दोन सेकंद मागे पडतो. कापूरबावडीपासून गायमुखपर्यंत दहा गाड्या घुसल्या तरी तोटा वीस सेकंदांचा आहे आणि तेवढा वेळ तर आपण पुढच्या सिग्नलला उभेच असतो. ही आकडेमोड पटूनही ज्याला जागा सोडवत नाही, त्याला घाई नडत नसून कोणीतरी आपल्या पुढे गेले हे सहन होत नसते, असे माझे मत आहे.

मोबाइलविषयी एवढेच सांगतो की, कॅनडातल्या टोरोंटो शहरातील चालकांवरच्या, 1997 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात फोनवर बोलत असताना अपघाताचा धोका सुमारे चौपट आढळला होता, आणि हात मोकळे ठेवून बोलण्याने तो कमी झाल्याचे दिसले नव्हते. ब्लूटूथ असल्यामुळे चालते, असे आपण मानत असाल तर ते सोडावे.

हे सारे करून झाल्यावर एखाद्या मोटार ट्रेनिंग स्कूलमधल्या अनुभवी शिक्षकाला आपल्याच गाडीत, आपल्याच नेहमीच्या वाटेवर, गर्दीच्या वेळी तासभर शेजारी बसवावे. क्लच-गिअर शिकवायचे नाहीत, फक्त चुका लिहायच्या आहेत, हे त्यांना आधी सांगावे, कारण बावीस वर्षे गाडी चालवणाऱ्याला चुका सांगायला तेही संकोचतात.

प्रश्न : मी नेरुळला राहते आणि चाळिशीनंतर गाडी शिकले. पाम बीच मार्गावर मी कधीही वेगमर्यादा ओलांडत नाही, बहुतेक वेळा ताशी 40 च्या आसपासच असते, आणि उजवीकडे वळायचे असल्यामुळे सुरुवातीपासूनच उजवी लेन धरते. तरी मागचे लोक सतत हॉर्न वाजवतात आणि डावीकडून कट मारून जातात. एवढी सावध असूनही मी वाईट चालक ठरते का?

— एक वाचिका, नवी मुंबई

उत्तर : वेगाच्या बाबतीत आपण चुकत नाही, आणि हॉर्नच्या दडपणाखाली वेग वाढवू नका, हे मी आधीच सांगून ठेवतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार 2022 मध्ये देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे मृत्युमुखी पडली आणि त्यांतल्या सुमारे 71 टक्के मृत्यूंमागे अतिवेग हे कारण नोंदवले गेले. तेव्हा आपल्या संथपणाला हसणाऱ्यांकडे दुर्लक्ष करावे.

पण लेनच्या बाबतीत मात्र आपण चुकत आहात. उजवी लेन ही इतर वाहनांना ओलांडून पुढे जाणाऱ्यांसाठी असते. तिथे संथपणे चालत राहिले की मागच्यांना डावीकडून पुढे जावे लागते. त्या बाजूला त्यांना अंदाज कमी येतो आणि आपल्यालाही ते कमी दिसतात. वळण बरेच पुढे असताना ‘लागेलच’ म्हणून उजवीकडे राहू नये. डावी किंवा मधली लेन धरावी आणि वळणाचा सिग्नल दिसू लागला की आरसा पाहून, इंडिकेटर देऊन, खांद्यावरून एक नजर टाकून टप्प्याटप्प्याने उजवीकडे यावे. जमले नाही तर सरळ पुढे जाऊन पुढच्या सिग्नलवरून परत यावे. ऐन वेळी तीन लेन कापत वळणारा चालक मला अतिवेगाने जाणाऱ्याइतकाच धोकादायक वाटतो, मग त्याचा काटा 30 वर का असेना.

हॉर्नचा अर्थ लावताना एक फरक करावा. आपण लाल सिग्नलला किंवा झेब्रा पट्ट्यांवरच्या माणसासाठी थांबला असताना हॉर्न वाजला, तर चूक वाजवणाऱ्याची आहे. परंतु आपण इंडिकेटर एका बाजूचा देऊन दुसरीकडे गेला असाल, मोकळ्या रस्त्यावर मध्येच थबकला असाल किंवा आपला विचार आयत्या वेळी बदलला असेल, तर त्या हॉर्नमध्ये माहिती आहे आणि ती घ्यावी. सावध चालकांचा खरा दोष हा असतो की, त्यांचे पुढचे पाऊल इतरांना ओळखता येत नाही. खारघरच्या उत्सव चौकासारख्या मोठ्या गोल चौकात हे चांगले दिसते. 2017 च्या मोटार वाहन चालन विनियमांप्रमाणे चौकात आधीपासून फिरत असलेल्या वाहनाला प्राधान्य असते आणि आत शिरणाऱ्याने थांबायचे असते. आत असताना सौजन्य म्हणून आपण मध्येच थांबलो आणि हाताने ‘आधी तुम्ही’ अशी खूण केली, की मागचा आपल्यावर येतो आणि समोरचा गोंधळतो. तसेच जोराच्या पावसात चारही इंडिकेटर लावून गाडी चालवण्याची सवय असल्यास ती सोडावी, कारण मग आपण वळणार आहोत हे कोणालाच कळत नाही. दिवे लावावेत आणि वेग कमी करावा, तेवढे पुरते.

प्रश्न : माझे वडील 76 वर्षांचे आहेत आणि ऐरोलीत स्वतः गाडी चालवतात. गेल्या वर्षभरात गाडीच्या डाव्या बाजूला तीन-चार ओरखडे आले आहेत. विषय काढला की ते ‘लायसन्स अजून तीन वर्षे आहे, म्हणजे सरकारला मी चालतो’ असे म्हणतात. त्यांनी गाडी चालवणे थांबवावे का, हे कसे ठरवावे?

— एक वाचिका, ऐरोली

उत्तर : लायसन्सवरून हे ठरत नाही. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षानंतर परवान्याचे नूतनीकरण पाच वर्षांसाठी होते आणि चाळिशी ओलांडलेल्यांना त्यासाठी नमुना 1-अ मधले वैद्यकीय प्रमाणपत्र द्यावे लागते. मात्र त्या वेळी डॉक्टर त्यांच्या शेजारी गाडीत बसलेले नसतात आणि दोन वर्षांत डोळे पुष्कळ बदलू शकतात.

दुसरीकडे, केवळ वयावरूनही ठरवू नये. ओरखडे डाव्याच बाजूला येत आहेत, ही गोष्ट मात्र लक्षात घेण्याजोगी आहे, कारण आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो आणि डाव्या बाजूचा अंदाज आरसा व मानेची हालचाल यांवर अवलंबून असतो. म्हणून प्रथम नेत्रतज्ज्ञाकडे मोतीबिंदूची आणि दृष्टिक्षेत्राची तपासणी करून घ्यावी, मान किती वळते ते पाहावे आणि मधुमेहाची किंवा झोपेची औषधे चालू असतील तर त्यांबद्दल डॉक्टरांना स्पष्ट विचारावे. आरसे नीट बसवल्याने किंवा चष्मा बदलल्याने ओरखडे थांबतातही.

त्यानंतर काही न बोलता, तपासणीला आल्यासारखे न वाटू देता, त्यांच्या शेजारी बसून दिवसा एकदा आणि संध्याकाळी एकदा फिरून यावे. समोरून येणाऱ्या वाहनांमधून उजवीकडे वळताना ते फार वेळ थांबतात आणि मग चुकीच्या क्षणी निघतात का, समोरच्या दिव्यांनी दिपल्यावर ब्रेक दाबतात का, लेनच्या एका बाजूला सरकत जातात का, सिग्नल उशिरा दिसतो का, हे पाहावे. सेक्टरमधल्या ओळखीच्या रस्त्यावर वळण चुकले, तर त्याला साधा विसराळूपणा समजू नये.

यांपैकी एक-दोन गोष्टी दिसल्या, तर चावी हिसकावून घेण्याऐवजी क्षेत्र कमी करावे: रात्री नाही, मुसळधार पावसात नाही, कार्यालयांच्या वेळेत ठाणे-बेलापूर रस्त्यावर नाही, सकाळची बाजारापर्यंतची फेरी मात्र त्यांची त्यांना करू द्यावी. हे मुलीने किंवा जावयाने सांगण्यापेक्षा डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलेले वडील अधिक सहज ऐकतील, म्हणून तपासणीला आपण बरोबर जावे आणि डॉक्टरांना ओरखड्यांविषयी आधीच कल्पना द्यावी. मात्र ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलरेटरवर पाय पडण्याचा प्रकार एकदाही घडला असेल, किंवा नेहमीच्या वाटेवर ते रस्ता चुकले असतील, तर क्षेत्र कमी करत बसू नये. त्या दिवसापासून गाडी घरातल्या दुसऱ्या कोणी चालवावी आणि वडिलांना त्यांच्या सोयीने बाहेर पडता येईल अशी ओळखीच्या रिक्षावाल्याची व्यवस्था आधी करून मगच त्यांच्याशी हा विषय काढावा.